एअर सस्पेंशन की कॉइल स्प्रिंग? फोर बाय फोर टूरच्या धंद्यात पैसे घालण्याआधी हे वाचा



पावसाळा जवळ आला की एक प्रश्न मला हमखास येतो. बोरिवलीच्या एका मुलाचा यंदाचा प्रश्न जवळजवळ त्याच्याच शब्दांत सांगतो. "दादा, सेकंडहँड थार घेतली आहे. शनिवार-रविवार जव्हार आणि माळशेजला पावसाळी ट्रिप सुरू करायच्या आहेत. एक फिटिंगवाला म्हणतो, कॉइल काढून एअर सस्पेंशन टाक. गाडी वरखाली होते, कस्टमर खूश होतो, फोटो भारी येतात. टाकू का?"

मी विचारलं, कोटेशन किती? त्याने जो आकडा सांगितला तो त्याच्या गाडीच्या सहा महिन्यांच्या हप्त्यांएवढा होता. त्याच्याकडे खेळतं भांडवल होतं तीन महिन्यांचं.

म्हणजे प्रश्न दिसायला गॅरेजचा असला तरी खरा प्रश्न धंद्याचा आहे. माझं दुकान गाड्यांच्या अ‍ॅक्सेसरीजचं आहे. असे कस्टमर मी रोज बघतो आणि ही चूक स्वतःही करून बसलो आहे. ती गोष्ट पुढे सांगतो.

घाईत असाल तर उत्तर आधीच देतो. गाडीवर पोट असेल, गाडी एकच असेल आणि ती गॅरेजपासून लांब जाणार असेल, तर कॉइल. का, ते आता नीट समजून घेऊ. कारण समजलं की उद्या दुसऱ्या कुठल्या मशीनचा निर्णय घेताना पण हाच विचार उपयोगी पडेल.

आधी एक गैरसमज दूर करू

"सस्पेंशन खराब झालंय" असं आपण सरसकट म्हणतो. पण त्यात दोन वेगळी कामं करणारे दोन वेगळे भाग असतात.

पहिला भाग स्प्रिंग. गाडीचं वजन उचलून धरणं हे तिचं काम. दुसरा भाग शॉकअब्सॉर्बर, ज्याला आपले गॅरेजवाले "शॉकअप" म्हणतात. दाबली गेलेली स्प्रिंग परत उसळते, ती उसळी थांबवणं हे त्याचं काम. स्प्रिंग वजन धरते, शॉकअप हेलकावे मारतो.

एअर की कॉइल हा प्रश्न फक्त पहिल्या भागाचा आहे. शॉकअप दोन्हीकडे लागतोच. दुकानात "गाडी फार उडते, एअर टाकायचंय" म्हणत येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे शॉकअपच गेलेले असतात. गाडीचा मागचा कोपरा जोरात दाबा आणि सोडा. एकदा वर येऊन शांत झाली तर बहुतेक ठीक. दोन-तीन हेलकावे खात राहिली तर आधी शॉकअप बघा. इथेच तुमचं मोठं बिल वाचू शकतं.

कॉइल कशी काम करते

कॉइल म्हणजे पोलादाची जाड सळई, गोल गुंडाळलेली. वजन आलं की ती पिळली जाते आणि बसते. तिचा कडकपणा तीन गोष्टींवर ठरतो: सळईची जाडी, गुंडाळीचा व्यास आणि वेढ्यांची संख्या.

यात जाडीचा परिणाम सगळ्यात जास्त, कारण तो चौथ्या घाताने वाढतो. बाकी सगळं तेच ठेवून १४ मिमीच्या सळईऐवजी १५ मिमीची सळई वापरली, तर स्प्रिंग साधारण ३२ टक्क्यांनी कडक होते. फरक फक्त एक मिलिमीटरचा! म्हणून "जरा जाडवाली टाकून द्या" असं सांगून स्प्रिंग विकत घेऊ नका. तुमच्या गाडीच्या वजनाला ती चालते का, हे विचारून घ्या.

कॉइलचा कमकुवतपणा काय? तिचा कडकपणा ठरलेला असतो. रिकामी गाडी असो की भरलेली, स्प्रिंग तीच. समजा मागची प्रत्येक कॉइल ४ किलोला १ मिमी बसते. मागे दोन आहेत, म्हणजे ८ किलोला १ मिमी. तुम्ही पाहुणे, पाण्याचे कॅन, जेवणाचे डबे, टूलकिट असं मिळून मागच्या चाकांवर २४० किलो टाकलेत, तर गाडी मागून ३० मिमी खाली बसणार. हेडलाइट थोडे वर बघायला लागणार आणि उताराच्या शेवटी मागचा बंपर घासण्याची शक्यता वाढणार.

पण कॉइलमध्ये बिघडण्यासारखं फार काही नाही. वायर नाही, सेन्सर नाही, पाइप नाही. ती गंजते, खूप वर्षांनी थोडी बसते, कधी टोकाचा वेढा तुटतो. आणि तुटली तरी अनेकदा गाडी हळूहळू चालवत गॅरेजपर्यंत नेता येते.

एअर सस्पेंशन कसं काम करतं

इथे सळईच्या जागी जाड रबराचा फुगा असतो. त्याला बेलो म्हणतात. आत दाबाखाली हवा. हिशोब सोपा आहे: दाब गुणिले क्षेत्रफळ म्हणजे उचललेलं वजन. फुग्याचं काम करणारं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर आणि हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ४ किलो असेल, तर तो फुगा ४०० किलो उचलतो. वजन ५०० झालं की दाब ५ करायचा. गाडी होती त्याच उंचीवर राहते.

ही एअरची खरी ताकद आहे. वजन वाढलं तरी गाडी बसत नाही. शिवाय वजनासोबत फुगा कडकही होत जातो, त्यामुळे रिकाम्या आणि भरलेल्या गाडीत बसल्यावर जवळपास सारखंच वाटतं. दादर-पुणे शिवनेरीच्या व्होल्वो बसने कधी गेला असाल तर तिच्या एअर सस्पेंशनचा अनुभव तुम्ही घेतलाच आहे. खड्डा दिसतो, पण कंबरेपर्यंत पोचत नाही.

दुसरी ताकद उंचीची. लँड रोव्हरची आताची डिफेंडर कॉइल आणि एअर अशा दोन्ही प्रकारांत बनते. एअरवाली डिफेंडर पाहुणे चढताना ५० मिमी खाली बसू शकते आणि ऑफरोडला नेहमीच्या उंचीपेक्षा ७५ मिमी वर जाते. तिचा ग्राउंड क्लिअरन्स २९१ मिमीपर्यंत पोचतो. पाण्यातून जायची क्षमता एअरवालीची ९०० मिमी, कॉइलवालीची ८५० मिमी. म्हणजे एअर हे काही नुसतं शोबाजीचं प्रकरण नाही. कारखान्यात नीट डिझाइन केलेलं एअर सस्पेंशन ऑफरोडला उत्तम काम करतं. यात वाद नाही.

पण त्या फुग्याच्या मागे किती सामान लागतं बघा: कॉम्प्रेसर, हवेतला ओलावा शोषणारा ड्रायर, बहुतेक सिस्टिममध्ये हवेची टाकी, व्हॉल्व्हचा ब्लॉक, प्रत्येक चाकापर्यंत पाइप, उंची मोजणारे सेन्सर, आणि हे सगळं सांभाळणारा कंट्रोल युनिट. कॉइलमध्ये एक वस्तू होती, इथे आठ-दहा. आणि यातली कुठलीही एक रुसली तरी गाडी बसू शकते.

मग बसमध्ये चालतं, आपल्याला का नको?

हा प्रश्न वर्कशॉपमध्ये नेहमी येतो, आणि प्रश्न रास्त आहे. तीन कारणं आहेत.

एक, मोठ्या बसला एअर ब्रेक असतात. म्हणजे इंजिनवर चालणारा दणकट कॉम्प्रेसर आणि हवेच्या टाक्या तिथे आधीपासूनच आहेत. सस्पेंशनसाठी त्याच हवेतली थोडी वापरली जाते. थार, जिम्नी, गुरखासारख्या गाडीला ब्रेक हायड्रॉलिक. तिथे फक्त सस्पेंशनसाठी वेगळा, बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर बसवावा लागतो. तो दिवसभर राबण्यासाठी बनवलेला नसतो.

दोन, बसचं वजन प्रचंड बदलतं. पहिल्या स्टॉपला पाच माणसं, पुढे पन्नास. तिथे एअरचा फायदा पैशांत दिसतो. तुमच्या गाडीत ड्रायव्हर धरून चार-पाच माणसं आणि सामान. बदल आहे, पण बसएवढा नाही.

तीन, बस रात्री डेपोत जाते. तिथे मेकॅनिक आहे, स्पेअर आहे आणि बंद पडलीच तर बदली बस आहे. तुमचा डेपो म्हणजे सोसायटीचं पार्किंग. तुमची बदली गाडी म्हणजे मित्राला केलेला फोन.

आता आपल्या बाजारातल्या गाड्या बघा. महिंद्राची २०१० ची जुनी थार मागे पाट्यांवर आणि पुढे टॉर्शन बारवर होती. २ ऑक्टोबर २०२० ला आलेल्या नव्या थारमध्ये चारही चाकांना कॉइल आली. फोर्सची गुरखा कॉइलवर. २०२३ मध्ये भारतात आलेली मारुतीची जिम्नी कॉइलवर. त्यांच्याकडे एअर डिझाइन करणारे इंजिनिअर नाहीत असं तुम्हाला वाटतं का? या किमतीच्या गाडीला, आपल्या रस्त्यांवर, गावच्या गॅरेजमध्ये दुरुस्त व्हायचं असेल तर काय परवडतं, हा हिशोब त्यांनी करून ठेवला आहे. जगभर खाणी आणि मदतकार्यात राबणारी टोयोटाची लँड क्रूझर ७० मालिकाही पुढे कॉइल आणि मागे पाटे यांवरच चालते.

चिखलात गेल्यावर काय होतं

आपल्याकडच्या पावसाळी ट्रिपमध्ये एअरला त्रास देणाऱ्या चार गोष्टी असतात.

- ओलावा. कॉम्प्रेसर बाहेरचीच हवा ओढतो. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा म्हणजे अर्धं पाणी. ड्रायर थकला की ओलावा व्हॉल्व्हमध्ये जातो आणि ते चिकटायला लागतात.
- दगड आणि काट्या. उंचीचा सेन्सर छोट्या दांड्याने चाकाच्या आर्मला जोडलेला असतो. एखाद्या फांदीने तो दांडा वाकवला की कंट्रोल युनिटला वाटतं गाडी झुकली आहे, आणि ते उलटसुलट हवा भरत बसतं.
- चिखल. रबराच्या घडीत वाळू-चिखल अडकतो. प्रत्येक हेलकाव्याला तो सँडपेपरसारखा घासतो. बारीक गळती सुरू होते, ती भरून काढायला कॉम्प्रेसर जास्त चालतो आणि शेवटी जळतो. फुगा गेला म्हणून कॉम्प्रेसर गेला, असं दुहेरी बिल इथूनच येतं.
- उंच केल्यावरचा धक्का. गाडी पूर्ण वर घेतली की चाकाला खाली लटकायला जागा कमी उरते. खड्ड्यात चाक खाली पडतं आणि टोकाला आदळतं. पाहुण्याला तो दणका थेट पाठीत जाणवतो.

अजून एक गोष्ट, जी फिटिंगवाले सहसा सांगत नाहीत. थारसारख्या गाडीला मागे अखंड अ‍ॅक्सल असतो. स्प्रिंगने बॉडी कितीही उचला, मधला डिफरन्शिअलचा गोळा तिथेच राहतो, कारण तो चाकांच्या मधोमध अ‍ॅक्सलवर बसलेला आहे. तो दगडाला लागायचा तर लागणारच. तो वर न्यायचा तर टायर मोठा लागतो, स्प्रिंग नाही. बॉडी वर गेल्याने पुढचा-मागचा कोन सुधारतो हे खरं, पण त्याच वेळी गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो आणि तिरक्या उतारावर गाडी कलंडण्याची भीती वाढते. मागे बसलेले लोक तुमच्या भरवशावर आलेत, हे विसरू नका.

माझी शिकवणी फी

काही वर्षांपूर्वी मी स्वतःच्या सेकंडहँड फोर बाय फोरला मागे कॉइल काढून एअर किट बसवलं. दुकानात डेमो म्हणून वापरू, शनिवार-रविवार ट्रिप मारू, दोन्हीकडून कमाई, असा माझा प्लॅन. कॉम्प्रेसर चासीच्या खाली, जागा मिळाली तिथे लावला. पहिला महिना मजेत गेला. बटण दाबलं की गाडी उठायची आणि लोक व्हिडिओ काढायचे.

जुलैच्या एका शनिवारी मुलुंडहून पहाटे निघालो. कल्याण, मुरबाड ओलांडलं. टोकावड्याच्या पुढे डावीकडून गाडी बसली. कॉम्प्रेसर घरघर करत होता, पण गाडी उठत नव्हती. थोड्या वेळाने त्याचाही आवाज बंद. पाऊस धो-धो, मागे तीन पाहुणे आणि गाडी एका बाजूला कलून रबरी स्टॉपवर आदळत चाललेली. कशीबशी मागे वळवून एका गॅरेजला आणली. तिथल्या काकांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "स्प्रिंग असती तर दुपारपर्यंत काढून दिली असती. या फुग्याला मी काय करू, सांगा?"

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. चूक माझी होती. मी अशी वस्तू बसवली होती, जी माझ्या रोजच्या रस्त्यावर कुणालाच दुरुस्त करता येत नव्हती.

पाहुण्यांना दुसऱ्या गाडीने परत पाठवलं, पैसे परत केले. पार्ट यायला दोन आठवडे लागले, म्हणजे पुढचाही शनिवार-रविवार गेला. पण सगळ्यात महाग पडलं ते वेगळंच. त्या ग्रुपचं पुढच्या महिन्याचं अकरा जणांचं बुकिंग होतं. त्यांनी ते कॅन्सल केलं. भांडण नाही, तक्रार नाही. फक्त "नंतर बघू" म्हणाले, आणि ते नंतर कधी आलंच नाही.

मी कॉइल परत बसवल्या. किटचे पैसे शिकवणी फी म्हणून सोडून दिले.

आता कागद-पेन घ्या

बीबीएला असताना "मालकीचा एकूण खर्च" हे प्रकरण मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. अर्थ कळला तो टोकावड्यात. वस्तूची किंमत म्हणजे फक्त खरेदीचं बिल नाही. त्यात तीन आकडे असतात: खरेदी, देखभाल, आणि वस्तू बंद असतानाचा तोटा. आपण पहिला आकडा घासाघीस करून कमी करतो आणि तिसरा विचारातच घेत नाही.

एक उदाहरण करू. आकडे मानलेले आहेत, तुमचे खरे आकडे घाला.

समजा गाडीत ३ पाहुणे, माणशी २,५०० रुपये. एका दिवसाचे ७,५००, शनिवार-रविवारचे १५,०००. डिझेल, जेवण, टोल, मदतनीस मिळून ६,००० खर्च. हातात राहिले ९,०००. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत साधारण १५ शनिवार-रविवार मिळतात. सीझनची कमाई १,३५,०००.

आता गाडी दोन शनिवार-रविवार बंद राहिली. गेले १८,०००, म्हणजे सीझनच्या कमाईतले १३ टक्क्यांच्या वर. वर टोइंग, पैसे परत आणि दुरुस्ती. हप्ता मात्र ५ तारखेला जातोच, बँक पाऊस बघत नाही.

उलट बाजूही प्रामाणिकपणे मांडा. एअर आहे म्हणून पाहुणा माणशी किती जास्त देईल? २,५०० चे ३,००० देईल का? पाच-सहा जणांना विचारून बघा. मी विचारलं होतं. लोकांनी विचारलेले प्रश्न वेगळेच होते: धबधब्यापाशी थांबणार का, जेवण घरगुती आहे का, बायकांसाठी टॉयलेटची सोय काय, परत किती वाजता सोडणार. सस्पेंशनबद्दल एकानेही विचारलं नाही.

कस्टमर ज्याचे पैसे देत नाही, त्यावर आपण आपले पैसे लावत असू, तर तो छंद आहे, धंदा नाही. छंद जरूर करा, पण कर्जाच्या पैशांनी नको.

कायद्याची बाजू टाळू नका

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं. सस्पेंशनचा प्रकारच बदलणं ही छोटी गोष्ट नाही. अपघात झाला आणि गाडीत न कळवलेला बदल सापडला, तर विम्याचा क्लेम अडकू शकतो.

म्हणून कुठलाही मोठा बदल करण्याआधी दोन ठिकाणी विचारा आणि उत्तर लेखी घ्या: तुमचं आरटीओ आणि तुमची विमा कंपनी. अंधेरीची एमएच-०२, बोरिवलीची एमएच-४७, मुलुंड-घाटकोपरची एमएच-०३. जे तुमचं असेल तिथे जा.

आणि त्याहून मोठा मुद्दा. पांढऱ्या नंबर प्लेटवर भाड्याने पाहुणे नेता येत नाहीत. टूरचा धंदा करायचा तर पिवळी प्लेट, परमिट आणि व्यावसायिक विमा हवा. तुम्ही निवडलेल्या मॉडेलचं तसं पासिंग होतं का, हे गाडी घेण्याआधी विचारा, नंतर नाही. जंगलखात्याच्या हद्दीत, नदीच्या पात्रात, समुद्रकिनाऱ्यावर परवानगीशिवाय गाडी घालायची नाही. पावसाळ्यात अनेक धबधब्यांवर जिल्हा प्रशासनाचे बंदी आदेश असतात, ते दर आठवड्याला तपासा.

मग आराम हवा असेल तर काय करू?

पायरी पायरीने जा. स्वस्तापासून महागाकडे.

पहिली पायरी: टायरची हवा. टायर हेच तुमच्या गाडीचं पहिलं एअर सस्पेंशन आहे, आणि ते फुकट मिळालेलं आहे. कच्च्या रस्त्याला लागल्यावर टायरचा दाब थोडा कमी केला की बारीक खडबड टायरच गिळतो, पकडही वाढते. किती कमी करायचा ते गाडीचं वजन आणि टायर बघून जाणकाराकडून शिकून घ्या. डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा परत भरायचीच. कमी हवेवर हायवेला वेग घेतला तर टायर तापतो आणि फुटू शकतो. म्हणून दाब मोजायचं गेज आणि १२ व्होल्टचा हवा भरायचा पंप, या दोन वस्तू आधी घ्या.

दुसरी पायरी: चांगले शॉकअप आणि नवे बुश. जुनी गाडी असेल तर रबरी बुश बदलल्यावर निम्मा खडखडाट जातो. हे काम कुठल्याही गावात होतं.

तिसरी पायरी: वजनाला साजेशी कॉइल. तुमच्या गाडीवर कायम जास्त वजन असेल, म्हणजे लोखंडी बंपर, छतावर कॅरिअर, मागे जादा टाकी, तरच थोडी कडक कॉइल. रिकाम्या गाडीला कडक कॉइल टाकलीत तर पाहुणे उडतील आणि शिव्या तुम्हाला बसतील.

चौथी पायरी: कॉइलच्या आत बसणारा मदतनीस फुगा. हा मधला मार्ग मला आवडतो. वजन कॉइलच धरते, आतला छोटा फुगा फक्त हातभार लावतो. तो टायरसारखा साध्या व्हॉल्व्हने भरता येतो. त्यासाठी सेन्सर किंवा कंट्रोल युनिट लागत नाही. फुटला तरी कॉइल आहेच, गाडी घरी येते. मात्र डब्यावर लिहिलेली दाबाची मर्यादा पाळा आणि हेही आरटीओ-विम्याला विचारूनच करा. फुगा बसवला म्हणून गाडीची वजन न्यायची परवानगी वाढत नाही. चासी, ब्रेक, टायर तेच आहेत.

एअर कधी घ्यावं?

काही ठिकाणी एअरच योग्य आहे. मूळ गाडीतच कारखान्याने ते दिलेलं असेल, वॉरंटी चालू असेल, सर्व्हिस सेंटर जवळ असेल आणि तुमचा पाहुणा महागड्या रिसॉर्टचा असेल, तर जरूर. वजन सारखं बदलत असेल किंवा मागे ट्रेलर ओढायचा असेल तर विचार करण्यासारखं आहे. एकापेक्षा जास्त गाड्या असतील, म्हणजे एक बंद पडली तरी बुकिंग चालू राहील, तेव्हाही.

पण सेकंडहँड आलिशान एसयूव्ही "स्वस्तात" मिळते म्हणून घ्यायला जाऊ नका. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होतो. रेंज रोव्हरने १९९० च्या दशकात एअर सस्पेंशन आणलं. आरामाला तोड नव्हती. पण त्या गाड्या जुन्या होऊन दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेल्या तेव्हा अनेकांनी एअर काढून कॉइल बसवल्या. परदेशात अशा बदलाची तयार किट विकणारे छोटे व्यवसाय त्यातूनच उभे राहिले.

यात तुमच्यासाठी एक इशारा आहे आणि एक संधीही. उपनगरांत एअर सस्पेंशनवाल्या गाड्या वाढत आहेत, पण गळती शांतपणे शोधून नेमका पार्ट बदलणारा माणूस शोधावा लागतो. साबणाच्या पाण्याने प्रत्येक जोड तपासायचा, कॉम्प्रेसर का जळला त्याचं मूळ शोधायचं, मगच बिल करायचं. गॅरेज काढायचा विचार असेल तर हे कौशल्य शिका. किट विकून एकदाच पैसे मिळतात, भरवशाच्या दुरुस्तीने कस्टमर परत येतो.

सेकंडहँड गाडी बघायला जाताना

- टेप घेऊन जा. चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत चारही बाजूंना उंची मोजा. डाव्या-उजव्यात ठळक फरक असेल तर विचारा का.
- एअरवाली गाडी असेल तर शक्य झाल्यास रात्री मोजा आणि सकाळी इंजिन सुरू करण्याआधी परत मोजा. एक कोपरा बसला असेल तर गळती आहे.
- गाडी वर-खाली करून बघा. कॉम्प्रेसर बराच वेळ ओरडत राहिला तर सावध.
- कॉइलवाली असेल तर टॉर्चने खालचा वेढा बघा. गंज आणि तुटणं बहुतेक तिथूनच सुरू होतं. कोकणात किनाऱ्यावर वापरलेली गाडी असेल तर दोनदा बघा.
- टायर एका बाजूने जास्त झिजलेत का, ते बघा. टायर खोटं बोलत नाही.

शेवटी एवढंच

त्या बोरिवलीच्या मुलाने काय केलं? शॉकअप आणि बुश बदलले, गेज आणि पंप घेतला. उरलेल्या पैशांतला मोठा भाग परमिट आणि विम्यासाठी बाजूला ठेवला, कारण गाडी अजून पांढऱ्या प्लेटवरच होती आणि हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पहिली ट्रिप तो कागद हातात आल्यावरच काढणार आहे. थोडा हिरमुसला होता. मी त्याला म्हटलं, गाडी उठवणारं बटण दोन सीझन नंतरही मिळेल, पण पहिल्या सीझनला गेलेलं नाव परत विकत मिळत नाही.

या आठवड्याचा होमवर्क: तुमच्या धंद्यातली अशी एक वस्तू निवडा, जी बंद पडली तर कमाई थांबते. गाडी असेल, ओव्हन असेल, प्रिंटर असेल, शिलाई मशीन असेल. तिच्यासाठी तीन ओळी लिहा. एक, ती बंद पडली तर दिवसाला किती रुपये जातात. दोन, तिला दुरुस्त करणारा माणूस किती अंतरावर आहे आणि पार्ट किती दिवसांत मिळतो. तीन, तोपर्यंत तुमचा पर्याय काय.

तिसरी ओळ रिकामी राहिली, तर नवीन काही विकत घेण्याआधी ती भरा. भेटू पुढच्या व्हिडिओत. गाडी सावकाश चालवा.